चित्रातल्या बाईची जोडवी
परवा सराफ्यात भाचीसाठी जोडवी घेताना दुकानदाराने मूठभर जोडवी काचेवर ओतली आणि त्या आवाजाने मला सासूबाईंची एक दुपार आठवली. दिल्लीच्या एका मोठ्या सरकारी कलादालनाने आपली काही जुनी चित्रं महिनाभरासाठी जबलपूरला पाठवली होती. तिकीट नव्हतं, म्हणून आम्ही दोघी गेलो. हॉलमध्ये ताज्या रंगाचा वास होता, कूलर घरघरत होता आणि रांग हळूहळू सरकत होती. सासूबाई एका चित्रापुढे थांबल्या. उंबऱ्यावर बसलेली बाई, लुगड्याखालून डोकावणारी पावलं, आणि खाली पाटी, ‘अविवाहित तरुणी’. “लग्न झालेल्या बाईले अविवाहित काहून म्हणून राहिले? पायात जोडवी दिसून राहिली न!” मी म्हटलं, “चला आई, मागे लोक थांबलेत.” त्या हलल्या नाहीत. कलादालनाचा अधिकारी हसत आला. “माताजी, बड़े विद्वानों ने लिखा है.” “तो उन्होंने मुँह देखा होगा भैया, पाँव नहीं. आप लिख लो, तब हटूँगी.” रांग तुंबली, माझे कान तापले. शेवटी त्याने मोबाइलचा टॉर्च लावून वाकून पाहिलं. जोडवी होती. त्याने वहीत लिहून घेतलं आणि दिल्लीला कळवतो म्हणाला. पुढे दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. गेल्या हिवाळ्यात मी कामासाठी दिल्लीला गेले, तेव्हा ते चित्र शोधून काढलं. पाटी तीच होती. मागे बरेच लोक खोळंबले होते. मी पहारेकऱ्याला म्हटलं, “साहब को बुलाइए, तब हटूँगी.”