रडण्याला वन्स मोअर

"पायल कॉलेज सोडते म्हणते," प्राचार्य मॅडम म्हणाल्या. "सर, वर्गात तुम्ही काय शिकवून राहिले?"

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. माझा आवाज असा, की मी हजेरी घेतली तर पार तिकडे तिरोड्याच्या पॉवर प्लांटातले कामगार 'यस सर' म्हणतात. तेव्हा आघातसाहित्य चालू होतं. म्हणजे ज्याच्यावर आभाळ कोसळलं, त्याच्या मनाची गोष्ट. पुरात घर गेलेल्या बाईची कथा पायल वाचत होती. पावसाळ्यात तिच्याही घराची भिंत पडलेली. वाचता वाचता ती रडली. वर्गातल्या रोशननं फोटो काढला, अन् तास संपायच्या आत तिच्या रडण्याचा स्टिकर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. गृहपाठ दिला की तो स्टिकर. डब्यात वांगं निघालं तरी तोच.

"गूगल फॉर्मवर सहवेदनेची क्विझ घ्या," मॅडमनी सुचवलं. "टक्केवारी वर पाठवता येते."

"पोरं पैकीच्या पैकी मार्क घेतील, मॅडम, अन् त्या आनंदात तोच स्टिकर टाकतील."

दुसऱ्या दिवशी मी सगळे मोबाइल टोपलीत जमा केले आणि रोशनला पुढे बोलावलं. "कथेतल्या त्या बाईचं बोलणं आता तू वाच. मोठ्यानं."

आमच्याकडे हिवाळाभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. रडण्याचा प्रसंग रंगला की पब्लिक 'वन्स मोअर' ओरडते. बिचारी नटी डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून रडते! रोशननं 'माझी शेळी कुठं गेली हो?' हे वाक्य नटासारखं ताणलं, आणि वर्ग गरजला, "वन्स मोअर!"

त्यानं कॉलर उडवत पुन्हा म्हटलं. "वन्स मोअर!" आता शेवटचा 'हो' निघालाच नाही. घरच्या शेळीच्या दुधावर वाढलेला पोरगा तो. पुढच्या खेपेला 'माझी शेळी' एवढंच निघालं, आणि असा रडला की फळ्याखालचे खडू भिजले. शपथ!

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी लपवलेला मोबाइल वर केला.

"फोटो नको काढू बे!" रोशन ओरडला. आणि आपलंच वाक्य ऐकून त्यानं पायलच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

संध्याकाळी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून तो मुर्रीला, पायलच्या घरी आला.

"काऊन आला बे?" तिनं दारातूनच विचारलं.

"चुकलं माह्यं. एकेकाच्या मोबाइलमधून स्टिकर काढायले लावला."

"वर्गात रडला म्हणे तू?"

"तुले कोणं सांगतलं?"

"अख्ख्या ग्रुपनं. फोटो हाय का?"

"नाही."

"बरं झालं." ती दारातून बाजूला झाली. "सोमवारी येतो मी. पण शेळीचं मीच वाचीन. तू लय ताणतोस."

सोमवारी तिनं वाचलं. कुणी वन्स मोअर म्हटलं नाही. वर्ग इतका शांत, की मला घसा खाकरायची लाज वाटली, आणि असं माझ्या नोकरीत आधी कधी झालं नव्हतं.

मॅडमनी टक्केवारी विचारली. मी शंभर सांगितली. तेव्हापासून या धड्याला पहिलं वाचन सगळ्यात जास्त हसणाऱ्याला देतो. आणि टोपली भरल्यावर पोरांचा दुसरा खिसाही तपासतो.