बंदुकीला भिणारी शबनम

बेंबळीच्या जहागीरदारांकडं बिस्मिल्लाबी शिकारी कुत्र्यांचं खाणंपिणं बघायची. नवरा गेल्यावर हे काम तिच्याकडं आलं होतं. १९४५ साली हैदराबादहून स्पॅनियल जातीची एक कुत्री आली. लांब लोंबते कान, रेशमासारखे केस, आणि तोंड इतकं हलकं की धरलेल्या पाखराचं पीसही मोडू नये. तिचं नाव शबनम. बंदुकीनं पाडलेलं बदक तळ्यातून आणून द्यायचं, हे तिचं काम.

पहिल्याच शिकारीत कुणीतरी तिच्या कानाजवळ बार काढला. शबनम पळाली ती थेट बिस्मिल्लाबीच्या चुलीमागं येऊन दडली. त्यानंतर बंदूक नुसती दिसली तरी ती अंग चोरायची.

"असली कुत्री काय कामाची? गोळी घालून मोकळं करा," जहागीरदार वैतागून म्हणाले.

"न्हाय साब," बिस्मिल्लाबी म्हणाली, "लेकरू भ्यालंय. माज्यापाशी राहू द्या."

जहागीरदार हात झटकून वाड्यात निघून गेले. तिनं तोच होकार धरला.

रोज ती शबनमचे कान आतून पुसायची, केसांत अडकलेली कुसळं वेचायची, गोचिड्या काढायची. मग आवाजाची भीती मोडावी म्हणून तिनं दूध-भाकरी पुढ्यात ठेवून पितळी ताट वाजवायचं ठरवलं. पहिल्यांदा अगदी जवळ वाजवलं, तर कुत्री दिवसभर अन्नाला शिवली नाही. बिस्मिल्लाबीला रडू आलं. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या धुरपताबाईला ताट देऊन पार विहिरीपाशी उभं केलं.

"हळू वाजव गं. ती खात असंल तवाच."

तो आवाज तिनं हळूहळू जवळ आणला. शेवटी ताट वाजलं की शबनम शेपूट हलवत यायला लागली.

हिवाळ्यात तळ्यावर शिकार ठरली. "मी बी येते," बिस्मिल्लाबी म्हणाली. शिकारीला बाईमाणूस कधी गेलं नव्हतं. जहागीरदार हसले, पण नको म्हणाले नाहीत.

बार झाला. शबनम थरथरत तिच्या पायांना चिकटली.

"जा बेटी."

कुत्रीनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि पाण्यात झेप घेतली. तिनं आणलेल्या बदकावर दाताची खूणसुद्धा नव्हती. जहागीरदारांनी बंदूक बाजूला ठेवली आणि खाली बसून शबनमचं ओलं डोकं कुरवाळलं.

पुढं प्रत्येक शिकारीला बिस्मिल्लाबी बरोबर असायची. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, जहागीरदार हैदराबादला राहायला गेले, आणि शबनम तिच्याकडंच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात तिला गावातल्याच कुत्र्यापासून पिल्लं झाली. त्यातलं लांब कानांचं एक धुरपताबाईनं मागून नेलं. "कान रोज पुसत जा," बिस्मिल्लाबीनं तिला दारापर्यंत जाऊन बजावलं.