कळंबच्या लाटा आणि आमचे भावोजी

बाळांनो, लाटांवर घसरायच्या फळ्यांवरचे तुमचे फोटो पोचले. कुठल्या किनाऱ्यावर नवशिक्यांनी जायचं आणि कुठे मुरलेल्यांनी, हे तुम्ही सुट्टीला निघण्याआधीच ठरवता, असं तुमच्या आईने सांगितलं. आनंद झाला. आम्हीही ठरवत होतो. फक्त आमच्याकडे फळी नव्हती, केळीचा खांब होता.

वाडीत केळीचं लोंगर उतरवलं की उरलेला खांब तोडून आडवा करतात. असे दोन खांब शेजारी ठेवून त्यांत बांबूच्या खुंट्या ठोकल्या की वाहन तयार; खांब जाडा असला तर एकटाही पुरे. त्यावर पालथं पडायचं, मागून लाट आली की पाय झाडायचे आणि ती नेईल तिथे, म्हणजे वाळूत, जाऊन पडायचं. तेव्हा जुनेच कपडे घालायचे, कारण केळीच्या चिकाचा डाग कापड फाटलं तरी जात नाही.

मे महिन्यात आम्ही कळंबला आत्याकडे राहायला जात असू. मी तेव्हा कॉलेजात होते आणि वर्ग पाडल्याशिवाय मला चैन पडत नसे. किनाऱ्याचेही मी तीन वर्ग पाडले होते. होड्यांच्या दक्षिणेला, वाळूच्या दांड्यामागे, ओहोटीचं पाणी गुडघ्याइतकं साचून राही. ती बिगरी, चिल्ल्यापिल्ल्यांची. सुरूच्या झाडांसमोर लाट फुटून, पांढरी होऊन, दमून येई. ती मधल्यांची. आणि उत्तरेला लाट आधी भिंतीसारखी उभी राही, मग कोसळे. तिथे फक्त ताई आणि मी. खाडीच्या तोंडाशी मात्र कोणीच जायचं नाही. तिथलं पाणी वरून गरीब दिसतं आणि खालून ओढतं. हा नियम तुम्ही तुमच्या देशातही पाळा.

त्या वर्षी ताई लग्नानंतर पहिल्यांदाच सुट्टीला आली होती. मला लाट शिकवली ती तिनेच. तिचं सासर गिरगावात, आणि तिथे समुद्र चौपाटीवर उभं राहून नुसता बघायचा असतो. आल्या आल्या ती माझ्या कानाशी लागली, "एकदा, एकदाच मला उत्तरेच्या लाटेवर जायचंय गं. मग वर्षभर काही मागणार नाही."

पण बरोबर भावोजीही आले होते, आणि आत्याचा कायदा कडक होता. "जावई काठावर आणि लेक पाण्यात? अख्खा गाव हसेल. आधी जावईबापू उतरतील, मग तू."

आणि जावईबापूंना पोहता येत नव्हतं. हे ताईला ठाऊक होतं, ताईने सांगितल्यामुळे मला ठाऊक होतं, आणि कोणालाच ठाऊक नाही असं भावोजींना वाटत होतं.

"मला कुठलीही जागा चालेल," चहा पिताना ते म्हणाले. "फक्त फार सोपी नको." मग त्यांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

आत्याने मला स्वयंपाकघरात ओढलं. "जावयाला पोरांबरोबर बिगरीत बसवशील तर याद राख!"

बिगरीत बसवायचं नाही आणि बुडवायचंही नाही. ताईचं तोंड तर दर तासाला लहान होत होतं. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी वर्ग तसेच ठेवून नावं उलटी केली. आत्या स्वतः कधी किनाऱ्यावर फिरकत नसे, त्यामुळे दक्षिण अवघड आणि उत्तर सोपी हे तिलाही पटलं.

"भावोजी, सगळ्यांत अवघड जागा दक्षिणेची," मी म्हणाले. "खोल पाण्यात पडलं तर पाणी लागतं. इथे पडलं तर थेट जमीन. तोल फार पक्का हवा."

भावोजींचा चेहरा खुलला. "तोल ना? तो तर माझा विषय."

आत्याने जावयाच्या मानाचा म्हणून वाडीतला सर्वांत जाडा खांब त्याच सकाळी पाडून घेतला. त्यामुळे तो सर्वांत जड होता आणि त्यातून चीक नळासारखा गळत होता. भावोजींचे हात त्याच्याभोवती पोचेनात. मुंबईहून आणलेला पांढरा, निळ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख घालून त्यांनी खांबाला मिठी मारली आणि गुडघाभर पाण्यात धाडसाने आडवे झाले. खांब वाळूत रुतला.

बोंबील वाळत घालणारी एक मावशी लांबून ओरडली, "ओ सायेब! तिथं कशाला? तिथं पानी नाय, तिथं माझी म्हस बसते!"

भावोजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"म्हशीसारखं पोहणारं जनावर नाही, भावोजी," मी म्हणाले. "ती उगाच कुठेही बसेल का?"

तेवढ्यात दांड्यावरून एक चुकार लाट आत आली आणि खांब दोन हात पुढे सरकला. "गेलो!" भावोजी गर्जले. मग थांबले आणि म्हणाले, "आणखी एकदा." ऊन डोक्यावर येईपर्यंत त्यांचं 'आणखी एकदा' चालूच होतं. ताई टॉवेल धरून काठावर उभी होती.

घरी आल्यावर पोशाखावर तपकिरी नकाशा उमटलेला दिसला. "चीक तो, जायचा नाही," आत्या हळहळली. "राहू द्या," भावोजी छाती काढून म्हणाले. "पण आत्याबाई, ती जागा भयंकर आहे. पोरींना तिथे पाठवू नका."

आत्याने तिथल्या तिथे हुकूम सोडला. "उद्यापासून दक्षिणेला कोणी जायचं नाही. जायचंच तर त्या उत्तरेच्या सोप्या जागी. आणि मी स्वतः येणार."

चिल्ल्यापिल्ल्यांनी भोकाड पसरलं. ताईने आणि मी एकमेकींकडे बघायचंही टाळलं.

दुसऱ्या दिवशी आत्या पदर खोचून उत्तरेला आली, आणि नेमकी तेव्हाच एक लाट उभी राहिली. माडाच्या रोपाएवढी तरी होती. कोसळली तेव्हा पायाखालची वाळू हलली.

"अगं बाई! ही सोपी?" आत्याने ताईचं मनगट पकडलं. "चला घरी. सगळ्याजणी."

 ताई भावोजींकडे बघत राहिली. भावोजी लाटेकडे बघत होते. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं की काय, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. 

"छे, आत्याबाई," ते म्हणाले, "कालच्या मानाने ही काहीच नाही. मी तर उतरणारसुद्धा नाही, मला सोप्यात गोडी नाही. हिला जाऊ दे."

आता जावयाचा शब्द कोण मोडणार? आत्याने मनगट सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

ताईने नऊवारीचा काष्टा घट्ट केला, खांब छातीशी धरला आणि पाण्यात शिरली. दोन लाटा तिने जाऊ दिल्या. तिसरी पाठीशी उभी राहिली तशी तिने पाय झाडले, आणि लाटेने तिला उचलून जी आणली ती थेट भावोजींच्या पायांशी टाकली. अंबाडा सुटलेला, तोंडात वाळू, आणि हसू आवरत नव्हतं.

"अवघड होतं का?" भावोजींनी विचारलं.

"छे हो, अगदी सोपं!"

"मग पुन्हा जा," ते म्हणाले, आणि तिचा खांब उचलून तिच्यापुढे चालू लागले. पाणी कमरेला लागलं तेव्हा कुठे ते थांबले.