भाकरीचं बगदाद

मेलबर्नच्या हिवाळ्यातली ओलसर, राखाडी संध्याकाळ आणि मोबाइलच्या चौकोनात बार्शीच्या दुपारचं लखलखीत ऊन! त्या उन्हात माझ्या बाबांचं ताट, ताटात ज्वारीची शुभ्र भाकरी. बाबांनी तिच्या काठाला बोटाने चार खाचा पाडल्या आणि माझ्या लेकीला, ईराला म्हणाले, "हे बघ बगदाद. खलिफाने असंच वाटोळं वसवलं होतं. हे चार दरवाजे, आणि ही आमटी म्हणजे तैग्रिस नदी." नदीला बघता बघता पूर आला. मागून आई करवादली, "अहो, आधी जेवा बघू!"

टाळेबंदीत मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या आमच्या एवढ्याशा घरात शाळा, ऑफिस आणि भांडणं गुण्यागोविंदाने नांदत होती. विमानं बंद, सीमा बंद. अशा वेळी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेले बाबा रोज फोनवर येऊ लागले. पोर्शन वेळेआधी संपवणारे सर अशी त्यांची ख्याती. पण बगदादच्या अब्बासी खिलाफतीत शिरले आणि बाहेर पडायचं नाव घेईनात! आपल्याकडचे अंक आणि शून्य बगदादला पोहोचले, तिथे रुजले आणि पुढे युरोपात अरबी म्हणून मिरवले, हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू घरचंच कुणी परदेशी नाव काढून आलं आहे. ग्रीक, फारसी, संस्कृत ग्रंथ अरबीत उतरवणाऱ्या पंडितांवर तर त्यांचा भारी जीव. केवढ्या दूरदूरच्या विद्या त्या एका नगरीत सुखाने एकत्र आल्या! आणि मला मात्र माझ्या माहेरी जाता येत नव्हतं. बाबांचं ऐकताना मला त्या पोथ्यांचा चक्क हेवा वाटे.

मग बाबांनाच करोनाने गाठलं. ते इस्पितळात, प्राणवायूवर. आई घरात एकटी. आणि मी समुद्रापार, त्यांच्या ओठाला पाण्याचा घोट लावण्याइतकीही उपयोगाची नाही. "मम्मा, इज आजोबा ओके?" ईरा रोज विचारायची. मी "हो गं" म्हणायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. लेकीचं काळीज कुठल्या व्हिसासाठी थांबतं?

बाबा घरी आले ते अगदी चिपाड होऊन. तरी पहिल्याच फोनवर उशीला टेकून बसले आणि दम घेत म्हणाले, "ईरा, आज बगदादचा शेवट सांगून टाकतो. मंगोल आले तो भाग. राहून जायला नको."

कशाच्या भीतीने ते घाई करत होते, ते मला कळलं. ईराने मात्र जोरजोरात मान हलवली.

"नो आजोबा, नॉट टुडे! आय नो मंगोल्स कम. मी गूगल केलं. आधी बगदादमध्ये पेपर कसा बनवायचे ते सांगा ना. यू स्किप्ड दॅट."

"अगं, पण ते लांबलचक आहे. आज एवढा दम नाही."

"नो वरीज. थोडं थोडं सांगा."

बाबा उशीवर मागे रेलून म्हणाले, "बरं. उद्या कागद करू आपण. चिंध्या भिजवण्यापासून सुरुवात."

आजारी पडल्यापासून बाबांनी उद्याचं नाव पहिल्यांदाच काढलं होतं. मी ईराच्या हातातून फोन घेतला आणि त्यांना डोळे भरून पाहून घेतलं.