फितीआधीची किल्ली

आमच्या जालन्याच्या कचेरीतले घरकुल योजनेचे साहेब अर्धवट बांधलेल्या घरातही चपला बाहेर काढून शिरत. ठेकेदार बुटात, साहेब अनवाणी खडीवर. "चूल कुठं मांडणार, बाई?" हा पहिला प्रश्न. खुर्चीवरच्या माणसांविषयी मला सहसा आदर वाटत नाही. यांच्यापुढे इलाज चालला नाही.

भोकरदनकडच्या एका खेड्यात घरकुलं तयार होती, पण उद्घाटनाला मंत्र्यांची तारीख मिळेना म्हणून कुलूपबंद. लोक समोरच पत्र्याखाली राहत. तारीख पुन्हा पुढे गेली, तेव्हा साहेबांनी किल्ल्या वाटून टाकल्या.

"साहेब, नोकरी जाईल," मी म्हणालो.

"जाईल. पण घरं भरतील, बराबर?"

अखेर मंत्री आले. दाराला फीत, आत संसार.

"हे आधीच राहायला आले?"

"हो. किल्ल्या मी दिल्या," साहेब म्हणाले. मांडवातले सगळे मंत्र्यांच्या तोंडाकडे बघू लागले.

तेवढ्यात आतून म्हातारी ओरडली, "फीत कापायची तर जल्दी कापा, बाबा! च्या उकळून राह्यला."

मंत्र्यांना हसू फुटलं. मग मांडवालाही हसायची परवानगी मिळाली. फीत कापून मंत्री चहाला आत गेले, आणि त्यानंतर आमच्या जिल्ह्यात एकही घरकुल फितीसाठी थांबलं नाही.