लाल रेघेवरचं पाणी

पुण्याजवळच्या भुकूममध्ये हैबतरावांइतका तुसडा घरमालक दुसरा नसेल, असं मी इथं राहायला आले त्या आठवड्यात आईला फोनवर सांगितलं होतं. दार आपटायचं नाही, गच्चीत चपला घालायच्या नाहीत, आणि तळमजल्यावरच्या टाकीला हात लावायचा नाही. टाकी म्हणजे पिण्याच्या पाण्याची असेल, असं मला वाटलं. डोकावले तर दहा फुटी काचेच्या पेटीत वाळूवर एक चपटा, लांब शेपटीचा पाकट मासा पडलेला आणि त्याच्यावरून हातभर लांबीचा, अंगावर पट्टे असलेला शार्क फिरतोय. समुद्र घाट उतरून पार तिकडे, आणि इथं म्हशींच्या जुन्या गोठ्याच्या जागेवर हा कारभार!

मासे हैबतरावांच्या मुलाचे, शेखरचे. तो बायकोला घेऊन दोन वर्षांसाठी जर्मनीला गेला, त्याला आता चार वर्षं झाली. जाताना त्यानं वडिलांना सगळं शिकवलं होतं. टाकीतलं पाणी उडून जातं, पण मीठ मागेच राहतं, म्हणून रोज साधं, फिल्टरचं पाणी घालायचं. किती, ते कळावं म्हणून त्यानं काचेवर लाल रंगानं एक रेघ ओढून ठेवली होती.

आबांनी, म्हणजे हैबतरावांनी, हे काम भातशेती करावी तसं केलं. जमीन विकल्यापासून हाताला काम नव्हतंच. पाकटाला ते ‘भाकर’ म्हणायचे आणि शार्कला ‘पट्ट्या’. श्रावणात स्वतः मासळीला शिवत नसत, पण या दोघांसाठी कोळंबी चिरायचे आणि मग आंघोळ करायचे. मी हसले की म्हणायचे, “हसती काय? त्यांना कुटं श्रावण हाय?”

खरी गोष्ट मला उशिरा कळली. बापलेकांचं आयुष्यात कधी धड बोलणं झालं नव्हतं. जमिनीच्या व्यवहारावरून तर सहा महिने अबोला होता. पण मासे सांभाळायला लागल्यापासून दर रविवारी साडेअकराला शेखरचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, “आबा, पाणी रेघेवर आहे ना?” मग आबा फोन काचेला लावून अर्धा अर्धा तास बोलायचे. भाकर किती जेवली, पट्ट्या कुठल्या दगडामागं झोपला. शनिवारी दुपारीच काच पुसून तयार. “मासं हायेत म्हनून फोन हाय,” असं ते एकदा सरळ बोलून गेले, आणि मला त्यांच्या तुसडेपणाचा राग यायचा बंद झाला.

गेल्या थंडीत भाकरीनं खाणं सोडलं. तिच्या कडा तापल्या तव्यावर वळाव्यात तशा वर वळायला लागल्या. आबा दोन रविवार फोन काचेपासून लांब धरून शेखरशी खोटं बोलले, “खात्यात की, झ्याक हायेत.” तिसऱ्या आठवड्यात माझ्या दारात आले. हातात टाकीतल्या पाण्याची बाटली. मी पिरंगुटला एका कंपनीत पाणी तपासायचं काम करते, हे त्यांना माहीत होतं.

“पोरी, तेवडं बघ. शेखरला कळायच्या आत कायतरी कर.”

दुसऱ्या दिवशी उत्तर हातात आलं आणि मला आनंद झाला. आता लाज वाटते, पण झाला होता. पाण्यात तांबं होतं. या माशांना तांबं म्हणजे विष, एवढं मी वाचून काढलं होतं. तडक टाकीपाशी गेले आणि तांब्याची नळी, पितळी तोटी, काय कुठं आहे ते शोधायला लागले. काहीच नव्हतं.

तेवढ्यात आबा आतून हंडा घेऊन आले. तांब्याचा, चिंचेनं घासून लखलखीत केलेला.

“फिल्टरचं पानी मेल्यालं असतं गं,” ते म्हणाले. “म्हनून रात्रभर ह्यात ठेवतुया. गोजरा समद्यांना ह्यातलंच पाजायची. शेखरला लहानपनी कायबी झालं, तर हेच पानी.”

गोजराबाई त्यांची बायको. शेखर जर्मनीला जायच्या वर्षभर आधी वारल्या. हंडा त्यांनी माहेराहून आणलेला.

मला गप्प बसता आलं असतं. पाणी बदलू, हंडा मी घासून ठेवते, असलं काहीही सांगता आलं असतं. पण शहाणपणा मिरवायची घाई. मी म्हटलं, “आबा, यानंच मरतायत ते. रोज थोडं थोडं तांबं साठलंय.”

त्यांनी हंडा खाली ठेवला. आतलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

नवं पाणी आणि समुद्राचं मीठ जमवायला दोन दिवस लागणार होते. भाकर तेवढंही थांबली नाही. पट्ट्या नव्या पाण्यात एक दिवस जगला. आबांनी दोघांना मागच्या शेवग्याखाली पुरलं. मला हात लावू दिला नाही.

रविवारी फोन आला तेव्हा मी तिथंच होते. शेखरनं पाण्याचं विचारलं. आबा म्हणाले, “पानी हाय. मासं न्हाईत. मीच मारलं, तुज्या आईच्या हंड्यानं.”

शेखर अगदी प्रेमानं बोलला, “जाऊ द्या, आबा. मनाला लावून घेऊ नका. पंप बंद करून टाका. तुमच्या मागचं काम सुटलं.”

“व्हय,” आबा म्हणाले. “सुटलं.”

त्याचं काही चुकलं, असं मला म्हणता येत नाही. पण पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाडव्याला आला, दोन मिनिटं.

हंडा आता माळ्यावर आहे. पंप मात्र चालूच आहे. काल जिना उतरताना पाहिलं, तर आबा प्लास्टिकच्या बादलीतून रिकाम्या टाकीत पाणी ओतत होते, वाकून, रेघेवर नजर ठेवून.

“आबा, आता कशाला?” माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“त्यानं इचारलं, तर सांगाया नको?”