शेवटच्या घरचा नळ

नळाला पाणी येण्याआधी तो खोकतो. मी लहान असताना बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये सगळ्यांना मिळून एकच नळ होता. पहाटे आधी सूंऽऽ व्हायचं, मग नळ खाकरायचा, आणि मग पत्र्याच्या बादलीत पाणी असं आपटायचं की झोपलेली पोरं उठून बसायची. आई म्हणायची, "आले बाई!" जसे काही पाहुणेच आले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आता मीच खाकरतो. रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. सकाळी गल्लीतल्या बाकड्यावर आम्ही तिघं बसतो. बोलायला शिंदे, हसायला जयंतीभाई आणि ऐकायला मी. शिंद्यांच्या घरची पाण्याची मोटर सुरू झाली की शिंदे बाहेर येतात. टाकी भरेपर्यंत त्यांना वेळच वेळ. महापालिकेची निवडणूक आली की वॉर्डातले उमेदवार याच गल्लीतून जातात. पाण्याचं काय करणार, गटारांचं काय करणार, हे त्यांच्या तोंडून ऐकायची मला फार हौस. आमच्या गल्लीत पाणी साठत नाही, पण किस्से मात्र साठतात!

मला त्यांना एकच प्रश्न विचारायचा असतो. पण मी पडलो हळू बोलणारा. "साहेब, माझं घर गल्लीच्या तोंडाशी. माझ्याकडे पाणी जोरात येतं. आणि शेवटच्या घरी, कुसुमवहिनींकडे..." एवढ्यावर आलो की उमेदवार माझा हात धरतात.

"येणार काका, नक्की येणार!"

आणि पुढच्या घरी जातात. प्रश्न माझ्या तोंडातच राहतो.

कुसुमवहिनी म्हणजे माझ्या वर्कशॉपमधल्या सोबत्याची, माधवची बायको. माधव गेला. घर त्याने बांधलेलं, नळ त्याने स्वतःच्या हाताने बसवलेला. त्या नळाला आता करंगळीएवढी धार येते, तीही थोडा वेळ. मुलगा नितीन हरणीला, नव्या वस्तीत, फ्लॅटमध्ये राहतो. तिथे लिफ्ट आहे, पाणी आहे. तो म्हणतो, "आई, या वयात बादल्या कसल्या उचलतेस? घर विकू, इकडे ये." वहिनींनी त्याला सांगितलं आहे, "निवडणूक होऊ दे. पाणी आलं तर इथेच राहीन. नाही आलं तर येते बाबा."

मला म्हणाल्या, "भावजी, तिकडे सगळं आहे हो. फक्त हाक मारायला कुणी नाही."

*

आधी या बाकड्याचं सांगतो. मागच्या निवडणुकीनंतर आम्ही सगळे मिळून एका नगरसेवकाकडे गेलो. वहिनींकडे पाणी येत नाही म्हणून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, डोळे मिटले, मान हलवली. आठवड्यात टेम्पो आला आणि सिमेंटचं बाकडं उतरवून गेला. पाठीवर त्यांचं नाव, मोठ्या अक्षरांत!

जयंतीभाई म्हणाले, "काही हरकत नाही. पाण्याची वाट बघायची तर बसून बघू!"

आता निवडणूक जाहीर झाली, तेव्हा सरकारी माणसं कागद आणि खळ घेऊन आली. आचारसंहितेत नाव झाकावं लागतं. आम्ही तिघं ओळीने टेकून बसलेलो.

"काका, जरा उठा. नाव झाकायचंय."

जयंतीभाई हलले नाहीत. म्हणाले, "अरे भाई, आमच्या तीन पाठी आहेत ना! कागद कशाला वाया घालवता?"

*

आमच्याकडे एका वॉर्डाला चार नगरसेवक. त्यामुळे पक्षाचे चौघं एकदमच येतात, एका उघड्या जीपमध्ये. जयंतीभाईंच्या दारासमोरच्या गटाराचं झाकण फुटलेलं. त्यांनी पहिल्याला सांगितलं. पहिला म्हणाला, "ड्रेनेजचं हे बघतात." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "मी लाइटचं बघते, ड्रेनेजचं हे." तिसऱ्या बाई फोनवर होत्या. चौथा नमस्कार करत जीपमधून उतरला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला.

त्याला बाहेर काढता काढता जयंतीभाई म्हणाले, "चौघांत अभ्यास फक्त यांनी केला!"

*

कचऱ्याची गाडी आमच्याकडे रोज सकाळी गाणं लावून येते. एका उमेदवाराच्या प्रचाराची रिक्षा नेमकी त्याच वेळेला, तसंच गाणं लावून आली. बायका सवयीने डबे घेऊन बाहेर! शिंदेवहिनी सगळ्यांत पुढे. समोर उमेदवार हात जोडून उभे. शिंदेवहिनींनी डबा पुढे केला. आणि त्या भल्या माणसानेही तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावतात तसा थोडा वर उचलला, आणि मग वास आला.

पण बघा हं, त्यांनी तो टाकून नाही दिला. कोपऱ्यावरच्या मोठ्या पेटीपर्यंत स्वतः नेऊन रिकामा केला, डबा परत आणून दिला.

शिंदे म्हणाले, "यांना निवडून द्यायला नको. निवडून आले की बंद करतील!"

*

चारातल्या दोन जागा बायकांसाठी राखीव. दुसऱ्या एका पक्षाच्या बाई आल्या, सोबत त्यांचे मिस्टर. बोलत होते मिस्टरच. "आम्ही पाणी देणार, आम्ही नवी लाइन टाकणार, आम्ही प्रेशर वाढवणार." बाई नुसत्या हसत उभ्या.

कुसुमवहिनींनी त्यांना विचारलं, "काय हो बाई, तुमच्या घरी पाणी कोण भरतं?"

बाई पहिल्यांदाच बोलल्या. "मीच!"

मिस्टर पॅम्फ्लेट वाटायला लागले.

*

एक तरुण मुलगा अपक्ष उभा होता. फतेगंजच्या बाजूला राहणारा, शिकलेला, मराठीच. पायी फिरायचा. आमच्या बाकड्यासमोर उभा राहून म्हणाला, "नवी पाइपलाइन वगैरे काही नको. तुमच्या गल्लीत लोकांनी नळाच्या लाइनलाच मोटरी लावल्यात. ज्याची मोटर, तो पाणी ओढून घेतो, पुढच्याला राहत नाही. मी निवडून आलो की पहिल्यांदा मोटरी काढायला लावीन."

ज्या दारांत चहाचे कप तयार होते, ती दारं लोटली गेली. मुलाने पाणी मागितलं, तर कुणाला ऐकूच गेलं नाही. शेवटी कुसुमवहिनींनी त्याला घरात नेऊन चहा पाजला, पिंपातल्या पाण्याचा.

तो गेल्यावर शिंदे म्हणाले, "पोरगा हुशार आहे. पण राजकारणात नवीन आहे!"

जयंतीभाई नेहमीसारखे हसले. पण त्या दिवशी थोडं कमी हसले. मोटर त्यांच्याकडेही आहे. वहिनींच्या घराला लागून शिंद्यांचं घर, त्यांच्या अलीकडे जयंतीभाईंचं.

*

आणि परवाचं.

ज्यांचं नाव आमच्या बाकड्यावर आहे, ते पुन्हा उभे आहेत. परवा सकाळी ढोलताशा घेऊन आले. शिंदे या वेळी त्यांच्या प्रचारात, गळ्यात उपरणं. "आबा, चला, तुम्ही पण चला!" म्हणून मलाही उठवलं. घरं घेत घेत सगळे कुसुमवहिनींच्या दाराशी आलो.

साहेब चपला काढून उंबऱ्यात पाय ठेवणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "थांबा. आमच्या घरी तुम्ही पहिल्यांदाच येताय. पायावर पाणी घातल्याशिवाय आत घेत नाही आमच्यात."

शिंदे खूश. "बघा साहेब, आमचे मराठी संस्कार!" मोबाइल निघाले, ढोल जोरात वाजायला लागला.

वहिनींनी तांब्या घासूनपुसून ठेवलेलाच होता. तो त्यांनी अंगणातल्या नळाखाली धरला आणि नळ सोडला.

नळाने सूंऽऽ केलं. खाकरला. आणि दोऱ्यासारखी धार तांब्यात पडायला लागली.

"अहो वहिनी, पिंपातलं घ्या ना," शिंदे म्हणाले.

"कालचं पाणी कसं चालेल? पाहुण्यांच्या पायावर ताजंच घालतात."

वहिनींच्या तोंडावर काही नव्हतं. खरंच सांगतो, त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांच्या सासूबाईंनाही मी असंच ताजं पाणी घेताना पाहिलं आहे.

ढोलवाल्यांनी थोडा वेळ वाजवलं, मग तेही नळाकडे बघत थांबले. साहेब उन्हात अनवाणी, एक पाय दुसऱ्यावर घेत उभे. मोबाइल एकेक करून खाली आले. सगळी गल्ली तांब्याकडे बघत होती. आत जायचं तर पाणी हवं, आणि निघून जायचं तर बाईने तांब्या भरायला लावलेला!

माझ्या लक्षात आलं, आज साहेबांना घाई करता येणार नाही. मी जवळ गेलो.

"साहेब," मी म्हटलं, "माझं घर गल्लीच्या तोंडाशी. माझ्याकडे पाणी जोरात येतं. आणि शेवटच्या घरी, वहिनींकडे... येत नाही."

"येणार काका, नक्की..."

"तसं नाही. ते माझ्या घरावरूनच पुढे जातं. मला बरेच दिवस विचारायचं होतं." मी श्वास घेतला. कुणी मधे बोललं नाही. "ते मधे कुठे जातं?"

साहेबांनी शिंद्यांकडे पाहिलं. जयंतीभाई जमिनीकडे बघायला लागले. ढोल बंद होता, म्हणून शेजारच्या, शिंद्यांच्या घरातून मोटरचा आवाज स्पष्ट येत होता. गूंऽऽ.

वहिनींनी तांब्या थोडा तिरका करून आत पाहिलं. तळ झाकला होता, एवढंच. पुन्हा नळाखाली धरला. "होईल हं," त्या साहेबांना म्हणाल्या. "अजून थोडा वेळ."

शिंद्यांनी गळ्यातलं उपरणं काढलं, घडी केली, माझ्या हातात दिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्दही न बोलता आपल्या घराकडे चालू लागले.